कोलाडचे पाणी, गावचा कारभार

मे महिन्यात कधी कोलाडला गेलात, तर सकाळच्या वेळी कुंडलिकेच्या काठावर थोडा वेळ उभे राहा. कोकणातली नदी म्हणजे चार महिने तुडुंब आणि शिमग्यानंतर नुसते दगडगोटे, हे आपल्याला सांगायला नको. इथे मात्र वैशाखाच्या उन्हात गार पाणी फेसाळत वाहत असते. शहरातली तरुण मंडळी रबरी होड्या घेऊन त्यात उतरतात. दिवस कलला की हेच पाणी ओसरते. पाऊस नाही, वळीव नाही, मग हे पाणी आले कुठून?

हे पाणी आहे मुळशीचे. सह्याद्रीच्या पलीकडचे, मुळा नदीचे. त्याचा धर्म पूर्वेकडे जाण्याचा, भीमेला मिळून पुढे बंगालच्या उपसागराला जाण्याचा. टाटांच्या वीज कंपनीने मुळेवर धरण बांधले, पाणी घाटमाथ्यावरून नळांनी सुमारे पाचशे मीटर खाली सोडले आणि पायथ्याशी भिरा येथे १९२७ साली वीजघर सुरू केले. वीज मुंबईला गेली आणि चाके फिरवून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेत पडले. मुंबईला जेव्हा विजेची गरज जास्त, तेव्हा नदीला पाणी जास्त. आमच्या नदीची भरती-ओहोटी चंद्र ठरवत नाही, वीजघर ठरवते, असे म्हटले तरी चालेल.

पण त्या पाण्याखाली मावळातली गावे गेली. १९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. तीन वर्षे झुंज चालली आणि शेवटी मोडली. जमीन संपादनाचा कायदा १८९४ चा. सरकारने ठरवले की जमीन सार्वजनिक कामाला हवी, म्हणजे ती हवीच. गावाला विचारण्याची रीत नव्हती. भाताच्या त्या खाचरांवर आज धरणाचे पाणी आहे, आणि तेच पाणी उतरून आपल्या भागात दुसरे भात पिकवते. कोलाडजवळ डोलवहाळला बंधारा आहे. तिथून निघालेल्या कालव्यांनी रोहा आणि माणगाव तालुक्यांतली शेते उन्हाळ्यात हिरवी होतात. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याचे गेले, अलीकडच्याचे आले, आणि दोघांनाही कोणी विचारले नव्हते. आजचे बोलणे या ‘विचारण्या’विषयीच आहे. गावाला विचारायचे, ही कल्पना आपल्या जिल्ह्यात केव्हा आली आणि कुठपर्यंत पोचली?

थोडे मागे जाऊ. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या नावाने १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १ जानेवारी १९८१ पासून त्याचे नाव रायगड आहे. योगायोग असा की, मुंबई इलाख्याचा लोकल फंडाचा कायदाही १८६९ चाच. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्यातून रस्ते, शाळा, विहिरी करायच्या. आणा रयतेचा, पण तो खर्च करणाऱ्या कमिटीत अंमलदार आणि सरकारने नेमलेली बडी मंडळी. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्यावरून १८८४ चा कायदा झाला, जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली, काही सभासद निवडून येऊ लागले. जुन्या पिढीच्या तोंडी प्राथमिक शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणत, ते याच बोर्डावरून.

आता मत कोणाला? तर ज्याच्या नावावर मालमत्ता, जो सारा भरतो, त्याला. इथेच खरी मेख होती. रोहा, माणगाव, महाड या बाजूला कितीतरी गावे खोतीची. खोत म्हणजे सरकारसाठी गावचा वसूल गोळा करणारा. नांगर धरणारे कूळ वेगळे. ते पिकाचा वाटा खोताच्या खळ्यावर नेऊन घालणार, वर वेठ करणार, आंब्याफणसातला हिस्सा पोचवणार. सरकारी कागदावर सारा भरणारा खोत. म्हणजे घाम कुळाचा आणि मत खोताचे! कुळाला बोर्डाच्या निवडणुकीत उभे राहणे सोडाच, उद्या आपण याच जमिनीवर असू की नाही याची खात्री नव्हती. अशा माणसाला स्थानिक स्वराज्य म्हणजे काय वाटले असेल, याचा विचार करा.

ही गाठ कायदेमंडळाने आधी सोडवली नाही, शेतकऱ्यांनी सोडवायला घेतली. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी संप पुकारला. संप कसला, तर जमीन न कसण्याचा. आजूबाजूची गावे त्यात आली. शेतकऱ्याने शेत पडीक ठेवायचे म्हणजे आईने चूल विझवून ठेवण्यासारखे आहे. माणसे मासे-खेकडे धरून, लाकूडफाटा विकून जगली. एक वर्ष नाही, दोन नाही, १९३९ पर्यंत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, त्यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले.

गुरुजनांना एक विनंती. ‘पंचायत राज्य’ हा धडा शिकवताना या तारखा आधी फळ्यावर लिहा. आपल्याकडे पुस्तकात जमिनीचा कायदा एका प्रकरणात आणि ग्रामपंचायत दुसऱ्या प्रकरणात असते. मुलांना वाटते या दोन वेगळ्या गोष्टी. पण ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, कृषकदिनानंतर एका वर्षाचा. गावच्या यादीतला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद झाला तो या कायद्याने. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. लोकल बोर्ड गेले, अलिबागला जिल्हा परिषद आणि रोह्याला पंचायत समिती झाली. कालचे कूळ आज खोताच्या शेजारच्या खुर्चीवर बसू शकते, ते खुर्ची दिली म्हणून नव्हे, तर सातबाऱ्यावर नाव आले म्हणून.

सगळीकडे असे झाले, असे मी म्हणणार नाही. बसण्याचा हक्क आला, तरी बोलण्याचे धैर्य यायला वेळ लागतो. बायकांचे तर विचारू नका. १९९३ च्या घटनादुरुस्तीने त्यांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. आवण काढायला, लावणीला, झोडणीला त्या निम्म्याहून जास्तच होत्या. कारभारात निम्म्यावर यायला एवढी वर्षे लागली.

आता पुन्हा पाण्याकडे येऊ. कोलाडच्या बाजूच्या शेतकऱ्याला वर्षाला दोन पाणीपट्ट्या भराव्या लागतात, असे समजा. नळाची पाणीपट्टी ग्रामपंचायतीत. ती किती असावी, यावर ग्रामसभेत भांडता येते, आणि लोक भांडतातही. कालव्याची पाणीपट्टी पाटबंधारे खात्याकडे. तिचा दर ग्रामसभा ठरवत नाही, आणि कालव्याला पाणी कोणत्या तारखेला सुटणार हेही नाही. सातबारा तलाठ्याकडे, आणि तलाठी महसूल खात्याचा. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. नदी खाली रोह्याकडे जाताना धाटावच्या औद्योगिक वसाहतीवरून जाते. तिथल्या सांडपाण्याबद्दल खाडीकाठचे कोळी वर्षानुवर्षे तक्रार करत आले. तो विषय ग्रामपंचायतीच्या हातचा नाही, प्रदूषण मंडळाचा. एकाच नदीला एवढे धनी! गावाला दिवे, गटार, नळ आणि घरपट्टी हे अधिकार आले. नदी आली नाही.

कालव्याच्या कामात शेतकऱ्याला शिरण्याची एक वाट मात्र आहे. २००५ च्या कायद्याने कालव्याखालच्या शेतकऱ्यांना पाणीवापर संस्था करता येते. संस्थेने पाणी मोजून घ्यायचे, आपसात वाटायचे, पट्टी गोळा करायची. माझ्या मते हे काम ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपेक्षा अवघड आहे. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते. पाण्याची पाळी रात्री-अपरात्री येते, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी जायचे तर वरच्याने आपले तोंड वेळेवर बंद करावे लागते. आपल्या आज्याने खाजणाचा बांध फुटल्यावर हातातले काम टाकून गावाबरोबर चिखलात उडी घेतलेली आहे. खारे पाणी शेतात शिरले तर सगळ्यांचेच भात जाणार, हे त्याला दिसत होते. कालव्यात तसे दिसत नाही. वरच्याचे शेत भिजते आणि खालच्याचे कोरडे राहते.

कोलाडच्या मुलांना घेऊन शिक्षकांनी एकदा हा कालवा वरपासून शेवटपर्यंत चालावा. शक्यतो फेब्रुवारीत, वालाच्या शेंगा भरलेल्या असतात तेव्हा, म्हणजे परतताना पोपटीही लावता येईल. वाटेत भेटेल त्या शेतकऱ्याला मुलांनी एवढेच विचारावे, तुमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी येते, आणि तो दिवस कोण ठरवते?