लटक्या लाजेची कुळकथा

मनात हो असताना नको म्हणायचं, निघता निघता पाऊल रेंगाळवायचं. या लटक्या लाजेला आपण बाईचा स्वभाव म्हणून मोकळे होतो. कृष्णाकाठच्या रंगभूमीवर मात्र ती पुरुषांनी तालमी करून घोटली.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनीच त्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं होतं. बायकांनी रंगभूमीवर यायचा तो काळ नव्हता, सीताही पुरुषच. पदं सूत्रधार म्हणे, त्यामुळे मान, नजर आणि पदर यांवरच नटाची बरीच भिस्त.

खरा कस लागतो तो शकुंतलेत. राजाकडे आणखी एकदा पाहता यावं म्हणून कालिदासाची शकुंतला पायात दर्भ रुतल्याचं, वल्कल फांदीला अडकल्याचं निमित्त करते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक 1880 मध्ये मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. 1905 साली मिरजेत त्याच शकुंतलेच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, पहिल्यांदा उभे राहिले. 1911 मध्ये सांगलीच्या खाडिलकरांच्या 'मानापमाना'त त्यांची भामिनी गरीब वनमाला होऊन नायक धैर्यधराला पारखते. पुरुष भामिनी होतो आणि भामिनी वनमाला. त्यातली कुठली लाज कुणाची, हे नजरेतून वेगळं दाखवायचं. नटाची याहून अवघड परीक्षा मला दुसरी दिसत नाही.

पुढे घराघरांतल्या बायका बालगंधर्वांसारखं नेसू लागल्या, त्यांच्यासारखे गजरे माळू लागल्या. बायकांकडून उचललेलं पुरुषाने घोटलं आणि ते बायकांकडेच परत आलं. तेव्हा एखादी मुरकली की 'बाईची जातच तशी' म्हणणं हा मला अन्याय वाटतो.

तमाशाची वाट निराळी. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गोपींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात. त्या तणतणतात, भांडतात, पण वाट काही बदलत नाहीत. त्यांच्यासोबतच्या मावशीचं सोंग पुरुषच घेतो. पण तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी शाहीर पठ्ठे बापूराव झाले, आणि त्यांच्या तमाशाच्या फडात नर्तकी पवळा स्वतः नाचली. लाजण्या-मुरडण्याची अदा तीच. ती करणाऱ्या लुगड्यातल्या नटाला समाजाने डोक्यावर घेतलं. फडातल्या बाईला त्याच समाजाने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.