म्युनिकचे ‘विषाचे स्वयंपाकघर’

आपल्यातले वडीलधारे आजही विचारतात, जर्मनीतल्या यहुद्यांना पुढचे संकट आधी कसे कळले नाही? आम्ही सांगतो, ते छापून आले होते.

‘म्युन्शनर पोस्ट’ हे म्युनिकमधील समाजवाद्यांचे दैनिक. हिटलरच्या पक्षातले खून, पैशाचे व्यवहार, भानगडी हे पत्र सतत चव्हाट्यावर आणी. म्हणून हिटलर त्याला ‘विषाचे स्वयंपाकघर’ म्हणे. नोव्हेंबर १९२३ च्या बंडाच्या रात्री त्याच्या माणसांनी कचेरी फोडली, तरी पत्र पुन्हा निघाले.

९ डिसेंबर १९३१ रोजी त्याने नाझींचा गुप्त आराखडा छापला. यहुद्यांचे हक्क काढून घ्यायचे आणि ‘अखेरचा उपाय’ म्हणून एसएसच्या पहाऱ्यात त्यांना दलदलीत राबवायचे. वान्सेची बैठक झाली जानेवारी १९४२ मध्ये. शब्द मात्र दहा वर्षे आधी छापलेले! पुष्कळांनी पक्षापक्षांची चिखलफेक समजून पान उलटले असेल. खरे सांगायचे तर आम्हीही उलटले असते.

९ मार्च १९३३ ला एसएच्या टोळीने कचेरी उद्ध्वस्त केली. पत्र कायमचे बंद पडले.

त्याचे एक संपादक एडमुंड गोल्डशाग फ्रायबुर्गला गेले. ते यहुदी नव्हते. तिथे त्यांनी व पत्नी लोटे यांनी म्युनिकच्या यहुदी मंडळीत काम केलेल्या एल्झे रोझेनफेल्ड यांना घरात लपवले. १९४४ साली त्या स्वित्झर्लंडला निसटल्या.

युद्धानंतर, ६ ऑक्टोबर १९४५ ला, म्युनिकमध्ये ‘झ्युडडॉइचे त्साइटुंग’ सुरू झाले. परवाना मिळालेल्या तिघांत गोल्डशाग होते. पहिल्या अंकासाठी ‘माइन काम्फ’चे शिशाचे ठसे वितळवले होते.