सोंग आणि शोंग : चैत्रातलं कलकत्ता

आजच्या भागात आपण कलकत्त्याला जाणार आहोत, पण दुर्गापूजेला नाही. दुर्गापूजा सगळ्यांना ठाऊक आहे. आपण जाणार आहोत चैत्र संक्रांतीला, म्हणजे बंगाली वर्षाच्या शेवटच्या दिवशी, एप्रिलच्या १३-१४ तारखेच्या सुमाराला.

आधी एक शब्द ऐका. वेश घेऊन नाचणाऱ्या, नकला करणाऱ्या माणसाला बंगालीत 'सं' म्हणतात. लिहिताना 'स' असला तरी बंगाली माणूस बहुतेकदा 'श' उच्चारतो, म्हणून आपल्या कानाला ते 'शोंग' ऐकू येतं. आपण काय म्हणतो? सोंग. मोखाडा-जव्हारच्या बोहाड्यात संबळाच्या तालावर मुखवटे घालून एकेक देव नाचत येतो, ते सोंग. भारुडातलं सोंग. दीड-दोन हजार किलोमीटरवर शब्द तोच, अर्थही तोच.

आता सण बघू. चैत्राच्या शेवटी बंगालात शिवाचा गाजन असतो. व्रत घेणारे लोक त्या दिवसांपुरते 'संन्यासी' होतात. गळ्यात उत्तरीय घालतात, स्वतःचं गोत्र बाजूला ठेवून शिवाचं गोत्र सांगतात. हे बहुतेक कोण? मासे धरणारे, कासार, डोम, पालखीचे भोई. वर्षभर ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, ते चार दिवस शिवाच्या गोत्राचे! शेवटच्या दिवशी चरक. तळ्यात बुडवून ठेवलेलं झाडाचं उंच खोड बाहेर काढून रोवायचं, त्यावर आडवं लाकूड बसवायचं आणि त्याला लटकून गरगर फिरायचं. पूर्वी पाठीच्या कातडीत लोखंडी गळ अडकवून फिरवत. फॅनी पार्क्स या बाईंनी १८२०च्या दशकात कलकत्त्यात हा प्रकार पाहिला आणि १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याबद्दल लिहिलं.

साताऱ्याकडच्या मंडळींना लगेच बावधनचं बगाड आठवलं असेल. वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. तिथेही पूर्वी गळ टोचत, आता बगाड्याला कापडानं बांधतात. नवसाची रीत एकच, देव शिवाच्याच घरातला.

गळ टोचण्याची प्रथा बंगालात १८६५ साली सरकारनं बंद केली. तेव्हा बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते सर सेसिल बीडन. आता गंमत बघा. उत्तर कलकत्त्यात छातूबाबू-लाटूबाबूंच्या बाजारात आजही चरकाचा मेळा भरतो. हे दोघे रामदुलाल दे या बड्या व्यापाऱ्याचे मुलगे. हा बाजार ज्या रस्त्यावर आहे त्याचं जुनं नाव बीडन स्ट्रीट! चरकाचे गळ ज्यानं काढायला लावले, त्याच्याच नावाच्या रस्त्यावर चरक फिरत राहिला. मेळ्यात तेलेभाजा म्हणजे आपली भजी, जिलब्या, तळलेले पापड असतात. घराघरात त्या दिवशी सातू खातात, दह्यागुळाबरोबर. उन्हाळा सुरू झाला, पोट थंड ठेवा, असा साधा हिशेब.

आणि याच सणाला निघायची सोंगांची मिरवणूक. कालीप्रसन्न सिंह यांचं 'हुतोम पॅंचार नक्शा' हे पुस्तक १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, त्याचं पहिलंच प्रकरण कलकत्त्याच्या चरकावर आहे. कासारांच्या वस्तीतली, म्हणजे कांसारीपाड्याची सोंगं गाजलेली. नंतर जेलेपाड्याची, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीची. ढाक वाजतोय, गाड्यांवर सोंगं उभी आहेत, कुणी ढोंगी बुवा झालाय, कुणी उधळ्या बाबू. गाण्यांतून सगळ्यांची हजेरी घेतली जायची. बाबू लोकही गच्चीवरून बघायचे. त्यांचीच टर उडत असली तरी बघायचे.

मग १८७३ साली कलकत्त्यात सार्वजनिक अश्लीलता रोखण्यासाठी एक संस्था निघाली. तिच्यामागे मिशनरी होते, तसेच केशवचंद्र सेन यांच्यासारखे मोठे सुधारकही होते. रस्त्यावरची गाणी, सोंगं, स्वस्त पुस्तकं सगळी त्यांच्या नजरेत आली.

इथे मला थोडं थांबायचंय. १८६५ची बंदी मला पटते. पाठ गरिबाची फाटायची आणि खर्च करून तमाशा बघायचा श्रीमंतानं, यात रक्षण करण्यासारखं काही नव्हतं. पण १८७३ला प्रश्न पाठीचा नव्हता, जिभेचा होता. सोंगांत अश्लील काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. आपल्या शिमग्यातही होतंच, आणि आपल्या सुधारकांनीही त्यावर टीका केलीच. मात्र शिवराळपणा काढताना त्याच गाण्यातली टीकाही निघून जाते. क्रौर्य थांबवणं आणि गरिबाचं हसणं थांबवणं, या दोन गोष्टी 'सुधारणा' या एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. इतिहास वाचताना त्या वेगळ्या करून बघायला हव्यात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांत एगुंगुन नावाची सोंगं निघतात. कापडाच्या थरांत आपादमस्तक झाकलेला तो माणूस त्या वेळी माणूस नसतो, पूर्वज असतो. त्यांच्याच गेलेडे या उत्सवात रात्री मुखवटा घातलेला गायक गावातल्या कुणाचीही चूक चारचौघांत गाऊन दाखवतो. गेलेडे आज युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. मुखवटा चेहरा झाकतो आणि तोंड मोकळं करतो, हे आफ्रिकेतही लोकांना कळलं होतं आणि जेलेपाड्यातही.

जेलेपाड्याची सोंगं पुढे विसाव्या शतकातही काही काळ निघत राहिली. नाटककार अमृतलाल बसूंसारखे लोक त्यांना गाणी लिहून देत. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाची प्रश्नपत्रिका फुटली, तर त्या वर्षी सोंगांनी त्याच्यावरच गाणं केलं! विद्येच्या देवळातली ही चोरी केली कुणी, असा थेट सवाल भर रस्त्यात. शंभरहून जास्त वर्षं झाली. पेपर अजून फुटतात. सवाल गाऊन विचारणारी ती मिरवणूक मात्र पुढे खंडित झाली.

तुमच्या गावात सोंगं निघत असतील तर यंदा नुसता मुखवटा बघू नका. सोंग काय बोलतंय तेही ऐका, आणि जमलं तर लिहून ठेवा.