उंबरठ्यापाशी थांबलेले शासन

चंदीगडच्या सतराव्या सेक्टरातील विस्तीर्ण चौकात वाहनांना मज्जाव आहे. सभोवार काँक्रीटच्या चौमजली इमारती आणि मध्ये पायी हिंडणाऱ्यांसाठी राखलेली मोकळी भूमी. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. ल कोर्बुझिए यांनी १९५१ साली तिचा आराखडा सिद्ध केला आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगरीचे उद्घाटन झाले. शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्दळीचा हमरस्ता ओलांडावा लागू नये, इतका बारीक विचार त्या आराखड्यात होता. पण त्या काळी दप्तरांच्या गाड्यांबरोबर जे तरुण कारकून येथे आले, त्यांच्यापैकी जे हयात असतील ते आज नव्वदीच्या घरात आहेत. नगरीच वृद्ध झाली म्हणावयाचे.

याच सेक्टरात जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. मुले सांभाळीत नाहीत म्हणून २००७ च्या कायद्याखाली आईबापांनी न्यायाधिकरणाकडे धाव घ्यावी, आणि तेथील निर्णयावरचे अपील जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे चालावे, अशी तरतूद आहे. या कायद्याने पोटगीला दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. पोटगीत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा समावेश केला. मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कोणी पालटावयाची, याचा निर्देश त्या व्याख्येत नाही.

ही उणीव एका कायद्यापुरती नाही. तिला मोठा इतिहास आहे. वृद्धांसाठी समाजाने प्रथम बांधले ते आश्रयस्थान. पुण्यात एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि पुढे ‘निवारा’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले अनाथपंगुगृह हे त्याचे आपल्याकडील उदाहरण. त्यानंतर आले निवृत्तिवेतन. भारतीय संविधानाच्या ४१ व्या कलमाने वार्धक्यात सरकारी साहाय्य मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले, पण ते राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. उत्तर प्रदेशाने १९५७ साली निराधार वृद्धांना वेतन सुरू केले. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून, दरमहा ७५ रुपयांची. महाराष्ट्राने आपल्या योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले. श्रावणाने आंधळ्या मातापित्यांना पैसे धाडले नव्हते. त्याने त्यांची कावड खांद्यावर वाहिली होती आणि अखेरीस तो त्यांच्यासाठी पाणी आणावयास गेला होता. कथेतील सेवा नावापुरती उरली आणि व्यवहारात रक्कम तेवढी आली.

अन्य देशांतही आरंभ पैशानेच झाला. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तरी उलटलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत वेतन देऊ केले. मात्र १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा अस्तित्वात आली, तेव्हा आजारी व वृद्ध माणसांच्या घरी झाडलोट, स्वयंपाक यांसाठी मदतनीस धाडण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. जपानने १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्यात गृहसेविकांना स्थान दिले, आणि २००० सालापासून दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमाच सुरू केला. जे काम सुनेचे म्हणून गृहीत धरले जाई, त्याला तेथे तास आणि मोबदला ठरला. हा पालट लहान नव्हे.

आपल्याकडे शासनाने उंबरठा ओलांडला तो आरोग्याच्या वाटेने. २०१०–११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांनी भेट द्यावी, अशी योजना आहे. ही भेट मोलाची खरी. पण भेट म्हणजे शुश्रूषा नव्हे. रक्तदाब पाहून कर्मचारी निघून गेल्यावर पुढचा सारा दिवस उरतोच.

डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत २००७ च्या कायद्याची दुरुस्ती मांडली गेली. तीत पोटगीची कमाल मर्यादा काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. शिवाय वृद्धांना घरी सेवा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी व नियमन यांचाही समावेश होता. सेवेचा खर्च शासनाने उचलावा, इतकी मोठी ती झेप नव्हती. तरी गृहसेवा या गोष्टीची कायद्याने प्रथमच दखल घेतली असती. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. २०२४ साली सतराव्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक तिच्याबरोबरच व्यपगत झाले.

सतराव्या सेक्टरातील कार्यालयात त्यामुळे जुन्याच कायद्यान्वये अपिले चालत राहिली. तेथवर पोहोचण्याइतके बळ ज्याच्या पायांत आहे, किंवा ज्याच्या वतीने जावयास कोणी आहे, त्याचीच कैफियत तेथील मेजावर येते.