नदी निसर्गाची, धबधबा गवंड्यांचा

आमच्या आजीच्या लेखी घर सोडायला तीनच कारणं होती: यात्रा, बाजार आणि सोयरीक. आश्विनात आमच्या सास्तूर गावाहून बैलगाड्या जुंपून माणसं तुळजापूरला निघत. संगं दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. नळदुर्गाजवळ बोरीच्या पाण्यावर बैल सोडत. समोर एवढा थोरला किल्ला, पण आत जाऊन बघावं असं कुणाच्या मनात येत नसे. "भिताडं काय बघायची? देवीच्या दारात उभं ऱ्हावं," आजी म्हणायची. मी मास्तर झालो, पोरांच्या सहली नेऊ लागलो, तेव्हा कुठं त्या भिताडांत शिरलो.

नळदुर्गात उपली बुरूज आहे, त्यावर तोफा आहेत. पोरं आधी तिकडंच पळतात. माझ्या मतानं मात्र तिथं बघण्याजोगी खरी गोष्ट एकच, पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, बोरी नदी अडवून नळदुर्ग आणि पलीकडचं रणमंडळ यांच्यामध्ये दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढला. पावसाळ्यात पाणी दोन ठिकाणांहून खाली कोसळतं. एक नर, दुसरी मादी. जिन्यानं आत उतरलं की नदी डोक्यावरून चाललेली असते, खिडकीपुढं पाण्याचा पडदा, आणि आपण कोरडे. लोक याला निसर्गाचा चमत्कार म्हणतात ते काही खरं नाही. नदी निसर्गाची, धबधबा गवंड्यांचा. वेढा पडला तरी किल्ल्याला पाणी कमी पडू नये, ही त्यामागची गरज, मौज नंतरची.

आता तर तो धबधबा पाटबंधारे खात्याच्याही हातात आहे. वर बोरीवर मध्यम प्रकल्पाचं धरण झालंय. ते भरून सांडवा सुटला तरच नर-मादी वाहतात. ज्या दुष्काळात, २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या दिवसांत इथं सहल आणून काय दाखवणार? कोरडा दगड.

किल्ला 'बघण्यासाठी' बघणारा आमच्या मुलखातला नामांकित माणूस मात्र परका निघाला. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं १८५३ साली वऱ्हाडाबरोबर नळदुर्गाचा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, आणि इथं आला कर्नल मेडोज टेलर. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला, पोरवयातच हिंदुस्थानात आलेला, ठगांवरच्या कादंबरीनं विलायतेत नाव झालेला. १८५७ मध्ये त्याला बुलढाण्याला धाडेपर्यंत हा मुलूख त्याच्याकडं होता. हातात चित्रकला असल्यानं डोळाही तसाच. तुळजापूर तर त्याच्या इतकं मनात भरलं की १८६३ साली आलेल्या 'तारा' या कादंबरीची नायिका त्यानं तिथलीच केली. साहेब होता, राज्य करायला आला होता, हे विसरायचं कारण नाही. तरी ज्या वाटेनं आमची माणसं खाली मान घालून, देवीचं नाव घेत गेली, त्याच वाटेवर हा थांबून चहूकडं बघत होता, हेही खरं.

हा टेलर १८७६ साली मेंतोंला वारला. फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीच्या हद्दीला लागून समुद्रकाठचं डोंगरउतारावरचं गाव. छातीच्या दुखण्याचे श्रीमंत इंग्रज तेव्हा हिवाळ्यात तिकडं हवापालटाला जात. त्या गावाची चित्रं मी पाहिलीत: घरांवर घरं, मधून पायऱ्या, आणि वर चर्चचा मनोरा. आमचं तुळजापूरही बालाघाटाच्या डोंगरावरचंच, पण चाल उलटी. तिथं देवाकडं चढून जायचं, इथं महाद्वारातून पायऱ्या उतरून, कल्लोळ तीर्थ आणि गोमुख ओलांडून खाली देवीपाशी. डोंगर चढून आलेल्या माणसाला पुन्हा खाली उतरवणारं देऊळ मला तरी जास्त आवडतं.

टेलर गेल्यावर मुलूख परत निजामाकडं, म्हणजे मोगलाईत, आला. सोलापूरकडं निघालं की करोडगिरीचा नाका आडवा. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौजा सोलापूरकडून शिरल्या, तेव्हा सुरुवातीची चकमक नळदुर्गालाच झाली आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती आला. एसटी आल्यावर लोक यात्रेला जाता जाता किल्ल्यातही डोकावू लागले.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपलेलं, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सास्तूर झोपल्या जागी पडलं. त्यानंतरच्या दिवसांत लांबलांबून गाड्या करून माणसं आली. मदतीला आलेली पुष्कळ होती, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण नुसता भूकंप बघायला आलेलीही कमी नव्हती, गळ्यात कॅमेरे अडकवून. त्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले, ढिगारे उपसणाऱ्यांना वाट मिळेना. आम्ही त्यांच्याकडं बघत बसलो, ते आमच्याकडं.

हल्ली बाहेरच्या शाळांच्या सहली किल्लारीचं भूकंपाचं स्मृतिस्थळ आणि नळदुर्ग असं एका दिवसात उरकतात. कधी त्यांच्याबरोबर वाटाड्या म्हणून मला नेतात. पाणीमहालात एखादं पोरगं हटकून विचारतं, हा चारशे वर्षं उभा आणि तुमची घरं कशी पडली? नळदुर्ग किल्लारीपासून लांब आहे, हादरा इथं कमी बसला, हे आधी सांगतो. मग त्याला भिंतीपाशी नेतो, घडीव दगड आणि मधला चुना दाखवतो. आमच्या भिंती हातहातभर रुंद होत्या, पण गोट्यांच्या, मातीत रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना धरणारा आडवा दगड नाही, आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. भुईनं झटका दिला की दोन्ही थर फाकले आणि माळवद खाली आलं.