आभाळातला धूळकोट

आपल्या गावाच्या नावातच गोष्ट आहे. धूळकोट म्हणजे मातीचा तट. १९९१ साली असा तट आभाळात उभा राहिला. फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्याच्या सूक्ष्म कणांनी ऊन परतवले आणि पृथ्वी वर्षभर सुमारे अर्ध्या अंशाने निवली.

कणांची ताकद आपल्याकडेही आजमावली गेली. २०१८-१९ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सोलापूरच्या ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले. प्रयोगाच्या टापूत पाऊस सरासरी १८ टक्के वाढलेला आढळला.

आता पिनाटुबोसारखा तट मुद्दाम उभारावा, असे काही शास्त्रज्ञ सुचवतात. वैद्यकातला माणूस म्हणून सांगतो, ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. कण एक-दोन वर्षांत खाली येतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. फवारणी थांबली की दबलेली उष्णता उसळेल. मधल्या काळात पावसाळा बिघडला, तर कापूस पेरणाऱ्याने दाद कोणाकडे मागायची?