बोटांची शाळा : किंडरगार्टनपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत

सभेच्या बालवाडीसाठी घ्यावयाच्या साहित्याची यादी मागील वर्षी कार्यकारी मंडळापुढे आली, तेव्हा त्या बैठकीत थोडी खडाजंगी झाली, हे अनेक सभासदांच्या कानी गेलेच असेल. लाकडी मनोरे, दट्ट्यांच्या पेट्या, बटणे लावण्याच्या चौकटी यांच्या किमती ऐकून एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले, "मुलांना खेळावयासच पाठवावयाचे, तर घरचे अंगण काय वाईट?" प्रश्न रोखठोक होता. त्याला तेथल्या तेथे समर्पक उत्तर देणे आम्हांस साधले नाही. पुढे काही पुस्तके चाळली, जुन्या जाणत्यांशी बोललो, आणि तेव्हा ध्यानात आले की हाच प्रश्न या देशात शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे सर्वांत खरे उत्तर आपल्याच मुलखात, डहाणू तालुक्यात, मिळालेले आहे. ती हकीकत ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवण्यासाठी हा लेखप्रपंच.

'किंडरगार्टन' या जर्मन शब्दाचा अर्थ मुलांची बाग. फ्रीडरिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने 1840 साली आपल्या संस्थेस हे नाव दिले. त्याचा जन्म 1782 चा. तो वर्षाचाही नव्हता तोच आई गेली, आणि पोरक्या बालपणाचे शल्य त्याच्या मनात जन्मभर राहिले. तरुणपणी त्याने वनखात्याचे काम शिकले, पुढे बर्लिन येथे स्फटिकांच्या संग्रहावर काम केले. निसर्गातील वस्तू नियमबद्ध आकार धारण करतात हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले, आणि मुलाच्या हाती प्रथम आकार द्यावा, अक्षर मागाहून, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने तयार केलेल्या वस्तूंना तो 'देणग्या' म्हणे. पहिली देणगी रंगीत लोकरीचे सहा चेंडू. दुसरी लाकडाचा गोल, घन व वृत्तचिती. तिसरी म्हणजे एक घन, पण आठ लहान घनांत सुटा होणारा. मूल तो मोडते, त्याची खुर्ची करते, पायऱ्या करते, आणि खेळ संपला की पुन्हा पेटीत अखंड घन करून ठेवते. अर्धा, पाव आणि अष्टमांश या शब्दांचा उच्चारही न करता त्याच्या बोटांना अपूर्णांक कळू लागतात. शिवाय कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम हेही होतेच. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, आणि पुढल्याच वर्षी फ्रोबेल निवर्तला. बंदी उठली 1860 साली, ते पाहावयास तो नव्हता. चिमुकल्या मुलांच्या चेंडूंची एका राज्यसत्तेला भीती वाटावी, हे वाचून आम्हांस हसू आले खरे. परंतु मोकळ्या हातांनी वाढलेले मूल पुढे मोकळ्या मनानेही बोलेल, ही त्या सरकारची शंका अगदीच निराधार नसावी.

हे वारे महाराष्ट्रात फार लवकर पोचले, आणि तेही एका मराठी स्त्रीच्या हातून, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. पंडिता रमाबाई 1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि 1889 मध्ये मुंबईस शारदा सदन काढल्यावर ती पद्धत इकडे आणली. केशवपन केलेल्या, घरात कोंडलेल्या बालविधवांना लहान मुलांची शिक्षिका करावे, हा त्यामागील विचार होता. या धाग्याचे दुसरे टोक पुढे येणार आहे.

विसाव्या शतकात मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाई आल्या. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालगृह' उघडले. आज माँटेसरी म्हटले की बड्या शहरांतील बड्या फीच्या शाळा डोळ्यांपुढे येतात. आरंभ मात्र गरिबांच्या चाळींत झाला, हे विसरू नये. त्यांच्या साहित्यातील एक वस्तू आमच्या यादीतही होती : गुलाबी मनोरा. दहा घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. मूल ते एकावर एक रचते. क्रम चुकला तर मनोरा वेडावाकडा दिसतो आणि मुलालाच ते उमगते. बाईंनी 'चूक' म्हणावयाचे नाही. दट्ट्यांच्या पेटीतही तेच. ज्या भोकात जो दट्ट्या तोच बसतो. एक चुकला तर अखेरीस एक उरतो, आणि मूल स्वतःच पुन्हा आरंभ करते. काचकागदाची अक्षरे तर आम्हांस फारच भावली. मूल बोट फिरवून 'ग' गिरवते, खरखर बोटाला जाणवते, आणि लेखणी हाती येण्यापूर्वीच हाताला वळण लागते. आमच्या पिढीने 'ग' गिरवला तो पाटीवर आणि छडीच्या धाकाने. अक्षर वळले, पण शाळेच्या पायरीची धडकी बरीच वर्षे गेली नाही.

माँटेसरीबाई स्वतः 1939 साली मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. युद्ध पेटल्याने त्यांना येथेच राहावे लागले आणि त्या काळात या देशातील पुष्कळ शिक्षकांनी त्यांचे वर्ग केले. तथापि हिंदुस्थानात त्यांचा विचार त्यांच्या आधीच रुजला होता. भावनगर येथे गिजुभाई बधेका या वकिलाने आपल्या मुलाला कसे वाढवावे या विवंचनेतून माँटेसरींचे ग्रंथ वाचले, वकिली सोडली, आणि 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. मुलांना गोष्टी सांगणाऱ्या या मिशाळ गृहस्थास लोक प्रेमाने 'मुछाळी मा' म्हणत. त्यांना 1923 साली येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. प्रार्थनासमाजी घरात मुंबईस 1892 मध्ये जन्मलेल्या या विदुषीने बालशिक्षणाचे शास्त्र मराठीत आणले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला; 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला.

येथवर सारे सुरळीत वाटते. परंतु वयोवृद्ध सभासदांचा प्रश्न येथेच उभा राहतो. लाकडी साहित्य महाग. ते घेऊ शकणारी घरे मोजकी. 1931 मध्ये लंडनला गांधीजींनी माँटेसरींच्या शिक्षणकेंद्रास भेट दिली, तेव्हाही गरिबांच्या मुलांना असे शिक्षण कसे लाभेल हीच आच त्यांच्या बोलण्यात होती. साहित्य घेणे परवडले तरी दुसरी आपत्ती उरते. एका शाळेत आम्ही स्वतः पाहिले आहे की सारे साहित्य काचेच्या कपाटात कुलूपबंद, आणि मुले समोर हाताची घडी घालून बसलेली. कारण विचारता उत्तर मिळाले, "हरवते हो, मोडते." पाहुणे आले की कपाट उघडावयाचे, एरव्ही नाही. ज्या वस्तूचा जन्म हाताळण्यासाठी, तिला देव्हाऱ्यात बसवणे म्हणजे पैसाही गेला आणि मूलही वंचित राहिले. आमच्या यादीचे असे होऊ नये, ही धास्ती आम्हांस तेव्हापासून आहे.

1945 साली ताराबाई दादरचे बस्तान सोडून बोर्डीस गेल्या. वय त्रेपन्न. त्याच वर्षी त्या भागातील वारली आदिवासींनी वेठीविरुद्ध उठाव केला होता. त्यावरून मुलूख कोणत्या स्थितीत होता याची कल्पना यावी. त्यांच्यासोबत गेल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे जिद्दीने शिकून त्या पुण्यास शिक्षिका झाल्या होत्या. रमाबाईंनी ज्या बालविधवेच्या हाती मुलांची बाग सोपवावी म्हटले, ती ही. रमाबाईंनी लावलेले रोप आणि हे झाड यांत थेट नाते आहे असे आमचे म्हणणे नाही; पण योग विलक्षण खरा.

बोर्डीस बालवाडी निघाली, पण गरिबांची आणि हरिजन वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. याची कारणे आम्ही या अंकात मोकळेपणाने लिहिली पाहिजेत, कारण हा अंक एका ज्ञातिसभेचा आहे. पोटाची भ्रांत हे एक. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन मूल शाळेत कसे येणार? परंतु दुसरे कारण आपण सर्व ज्ञातींनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या भिंतींचे होते. ज्याला विहिरीवर येऊ दिले नाही, तो आपले लेकरू आपल्या मुलांशेजारी कसे पाठवील? ताराबाईंनी वस्तीला दोष दिला नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे जाईल, असे ठरले, आणि वस्तीतल्याच एखाद्या अंगणात वर्ग भरू लागला. तीच अंगणवाडी. वर्गाचा आरंभ अक्षराने नव्हे, तर आंघोळीने, नखे कापण्याने, केस विंचरण्याने होई. हाही हातांचाच पाठ, आणि तो आयांच्या डोळ्यांदेखत चाले.

1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि साहित्याचा प्रश्न तेथे खऱ्या अर्थाने सुटला. कारखान्यातील ठोकळ्याऐवजी समुद्राचे शंखशिंपले आले, नदीतले गोटे, बिया, पाने, फुले, बांबू, माती आली. शिंपले आकाराप्रमाणे लावणे, बिया निवडून वेगळ्या करणे, पाने ओवणे, मातीची भांडी करणे यांतून क्रम, वर्गीकरण, मोजणी सारे साधते. आणि मोडले-हरवले तर उद्या पुन्हा वेचून आणावे. माँटेसरींचे तत्त्व तसेच राहिले, लाकूड तेवढे बदलले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली; तिचे नावही कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यास विकासवाडी म्हटले, कारण तान्हे पाळणाघरात राहिले तरच त्याची थोरली बहीण शाळेत बसू शकते. ही गोष्ट इतकी साधी आहे, पण ती सुचावयास कोणास तरी बोर्डीच्या अंगणात बसावे लागले.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 1973 मध्ये त्या निवर्तल्या. अनुताई कोसबाडलाच राहिल्या आणि 1992 मध्ये गेल्या. ताराबाईंच्या पश्चात दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत आरंभिली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव रूढ झाले. बोर्डीच्या वस्तीतला हा शब्द आज देशभर चालतो. तेथील कित्येक वर्गांत तो शब्द पोचला, बिया-शिंपले मात्र वाटेतच राहिले, असे आमचे निरीक्षण आहे. सेविकांवर नोंदवह्यांचा भार इतका की हातांच्या पाठास वेळ कोठून आणावा?

असो. आपल्या यादीचे काय झाले, ते सांगतो. मनोरा व काचकागदाची अक्षरे घेतली. आकारांचा अचूकपणा आणि अक्षरांचे वळण यांस घरगुती पर्याय तितका चोख होत नाही. बाकीची रक्कम एका मदतनीस बाईंच्या वेतनास राखली. उरलेल्या साहित्यासाठी सभासद भगिनींस विनंती केली, आणि पंधरवड्यात चिंचोके, रिठे, सागरगोटे, बांगड्यांऐवजी (काच नको म्हणून) जुन्या बटणांचे डबे, सुपे, परड्या, लहान वाट्या असे इतके आले की ठेवावयास जागा पुरेना. एका आजींनी हौसेने गुंजा पाठविल्या होत्या. त्या आम्ही आभार मानून परत केल्या, कारण गुंज विषारी असते आणि लहान मूल दिसेल ते तोंडात घालते. चिंचोके व बटणेही तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देत नाही.

साहित्याला कपाट केले आहे, पण त्याला दार लावलेले नाही. फळ्या मुलांच्या कमरेइतक्याच उंच आहेत. दर शुक्रवारी सकाळी दहापर्यंत कोणीही सभासदाने येऊन पाहावे. ज्या वयोवृद्ध सभासदांनी तो प्रश्न विचारला, ते मागील महिन्यात आले होते. त्यांची नात एका वाटीतून दुसऱ्या वाटीत चमच्याने चिंचोके घालीत होती. ते तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि सांडलेले वेचून देऊ लागले. नातीने त्यांचा हात बाजूस सारला.